पहिलं बाळंतपण माहेरी

आमच्या घरात दारू पिणारा माणूस एकच, माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. रोज दिवेलागणीला पुणतांब्याच्या वेशीबाहेर एक चक्कर मारून येतात, मुकाट्यानं जेवतात आणि झोपतात. त्यांचं लिव्हर ठणठणीत आहे. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं तेव्हा आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, की जणू त्यांनी दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं आयुष्य लाटलं होतं. लिव्हर खराब होऊन गेला तो माझा भाऊ. दादानं जन्मात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही. तो गेला तेव्हा गावानं ठरवून टाकलं, की पोरगा नगरला राहून चोरून प्यायचा. मयतीला आलेल्या एका पाहुण्यानं तर अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून, "बापाचं वळन पोरानं उचललं," असं सांत्वन केलं. त्या माणसाला वेशीपर्यंत हाकलत न्यावं असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही तो लग्नाकार्यात दिसला की वाटतं.

दादा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. तिथं एकदा रक्तदान शिबिर झालं. केळं, बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेट घेऊन तो खुशीत गावी आला आणि ते सर्टिफिकेट आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं. थोड्या दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, की एकदा येऊन भेटा. भेटायला गेला तेव्हा त्याला कळलं, की त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे आणि तो बहुतेक जन्मापासूनच आहे. गावात या आजाराला कुणी काळी कावीळ म्हणतं, कुणी पांढरी. रंगावर एकमत नाही, पण बोलायला सगळे तयार.

डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही राहात्याला जाऊन रक्त दिलं. अण्णा सुटले. आई आणि मी सापडलो. डॉक्टरांनी आम्हाला खुर्च्या देऊन नीट समजावलं. बाळ जन्मताना आईचं रक्त त्याला लागतं आणि तिथूनच हा विषाणू शिरतो. मोठ्या माणसाच्या अंगात शिरला तर बहुतेक वेळा निघून जातो, पण तान्ह्या बाळाच्या अंगात शिरला की मुक्कामच ठोकतो. वर्षानुवर्षं काही दुखत नाही, खुपत नाही. आतल्या आत लिव्हर कडक होत जातं. ताटातून, कपातून, जवळ घेतल्यानं तो जात नाही. रक्तातून जातो, दाढीच्या ब्लेडवरून जातो, नवराबायकोत जातो. गरज पडेल त्याला गोळ्या आहेत, मात्र तपासणी चुकवायची नाही. आणि पुढं मागं या मुलीला मूल झालं तर जन्मल्याबरोबर त्याला इंजेक्शनं दिली, की ते बहुतेक वाचतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्या दुधातनं गेलं का ह्ये पोरांला?"

डॉक्टर म्हणाले, दुधातून नाही, जन्मताना, आणि तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता, तुम्हालाही कदाचित तुमच्या आईकडूनच आलं असेल. पण आईच्या डोक्यात दूधच बसलं. घरी आल्यावर कुणी जेवायला वाढलं तरी ती म्हणायची, "माझ्या दुधानंच इख कालवलं." मी चार वेळा समजावलं. पाचव्या वेळी माझाच आवाज चढला आणि तो विषय घरात बंद झाला.

दादाचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. साखरपुडा झाला होता, मांडवाचं बोलणं चालू होतं. त्यानं त्या मुलीला फोन करून स्वतःच सगळं सांगितलं. तिनं आधी इंजेक्शनं घेतली की काही धोका नाही, हेही सांगितलं. दादा असाच होता. लेथवर एक केसभर चुकलेला जॉबही स्वतः नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवायचा आणि वर बोलणी खायचा. आठवडा उलटायच्या आत मध्यस्थ आला आणि म्हणाला, मुलीला अजून शिकायचं आहे. सोयरीक मोडली ती मोडली, पण कारण मात्र मध्यस्थाच्या मोटरसायकलवर बसून गावोगाव फिरलं. शेजारच्या घरी सत्यनारायण होता, तिथं सगळ्या बायकांना स्टीलच्या कपात चहा आणि आईला कागदी कपात. आईनं तो चहा पिऊन घेतला, कप स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकला आणि त्यानंतर कुणाच्याही घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

त्यानंतर दादानं तपासण्या सोडल्या. कशाला करायच्या, म्हणायचा. आई त्याला कावीळ उतरवणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेली. तो माणूस हाताला चुना लावून परातीत हात धुवायला लावायचा आणि पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली म्हणायचा. दादा यंत्रावरचा माणूस, त्याला त्यातली गंमत कळत होती. पण आईनं परातीतलं ते पिवळं पाणी बघून हात जोडले, म्हणून तोही गप्प बसला. पुढं काही वर्षांनी त्याचे पाय सुजले, मग पोटात पाणी झालं. पँट बसेना म्हणून तो अण्णांचे पायजमे घालायचा. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या आणि सगळं संपलं.

आईनं या सगळ्याचा तिच्यापुरता अर्थ लावला. दादा खरं बोलला, म्हणून सोयरीक मोडली. सोयरीक मोडली, म्हणून त्यानं जिवाची हेळसांड केली. त्यातून तो गेला. तिच्या दृष्टीनं रोगानं त्याला हात लावलाच नव्हता, जे काही केलं ते बोलण्यानं केलं. तिला कुणी सांगावं? तिचा मुलगा गेला होता.

तो गेल्यावर गाव कावीळ विसरून त्याच्या दारूबद्दलच बोलू लागलं होतं आणि माझ्या सासरच्यांच्या कानावरही तेवढंच गेलं होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला दादाच्या फोटोपुढं उभं केलं. म्हणाली, "तोंडातनं एक सबूद काढशील तर गंगेत उडी टाकीन." पुणतांब्यात गोदावरीला गंगा म्हणतात आणि ती घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी शब्द दिला. सासर राहात्याजवळचं, पेरूची बाग, घरी सासूबाई, मोठी बोलघेवडी बाई. नवऱ्याला मी लग्नाआधीच तीन इंजेक्शनं घ्यायला लावली. "आमच्या डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलीत," असं मी त्याला म्हणाले. तो कशालाही हो म्हणणारा माणूस. बाही वर करून बसला. बायकोच्या गावची काहीतरी पद्धत असेल, असं त्याला वाटलं.

दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात मी माहेरी आले. मला या रीतीचं इतकं बरं वाटलं होतं. माहेरच्या डॉक्टरीणबाईंना माझं सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, बाळ झाल्या झाल्या दोन इंजेक्शनं द्यायची. एक साधी लस, ती आमच्याकडे असते. दुसरं महाग आहे, नगरहून आधी आणून ठेवा, गार ठेवा, आणि बाळाचे डॉक्टर बाहेरून येतील त्यांच्या हातात द्या. ते इंजेक्शन अण्णांनी आणलं. थर्मासात बर्फ भरून, मांडीवर धरून, एसटीनं. त्या संध्याकाळी ते वेशीबाहेर गेले नाहीत. आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागं आईनं ती बाटली ठेवली आणि येता-जाता दार उघडून बघायची. सासरच्या कुणाला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. माहेरात झाकलेलं माहेरातच राहणार होतं.

कळा लांबल्या, शेवटी सिझर करावं लागलं. मला धड जाग आली तेव्हा दुपार होती. मुलगी झाली होती. पाळण्याला टेकून सासूबाई बसल्या होत्या, पेढ्यांचा बॉक्स मांडीवर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला नाक कुणाचं, हनुवटी कुणाची हे सांगत होत्या. मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली. सासूबाई हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी विचारलं, "दिलं?"

"दिलं की. तू नीज."

मी झोपले. पाचवीच्या पूजेला आईनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. पेन नवं आणलं होतं आणि त्याचं टोपणही काढून ठेवलं होतं. मी हसले, म्हणाले, शाई पण बघून घे. आई हसली नाही. बाळंतिणीच्या खोलीत तिनं माझी जेवढी सेवा केली तेवढी कुणाची आई करत नसेल. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाला तेल. मुलीला न्हाऊ घालताना ती एकसारखी पुटपुटत असायची. मला वाटायचं, ओव्या म्हणते.

वर्ष झाल्यावर मुलीचं रक्त तपासून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सासरी काय कारण सांगणार? शिवाय इंजेक्शन दिलंय, मग हवं कशाला, असं मी मनाशी म्हटलं आणि दिवस जात राहिले.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती. दुसरं बाळंतपण सासरी. आता झाकायला माहेर नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला त्या झाकण्याचा वीट आला होता. एका सकाळी बागेत नवरा पेरू कागदात गुंडाळून क्रेटमध्ये भरत होता, तिथं जाऊन मी त्याला सगळं सांगितलं. दादाचं, आईचं, माझं. तो पेरू गुंडाळत राहिला. क्रेट भरली, दुसरी ओढली. मग म्हणाला, "ती इंजेक्शनं याच्यापायी दिलीस मला?"

"हो."

"मला वाटलं, ताकदीची हायेत."

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी दोघंही हसलो नाही. काही दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. सासूबाईंना त्यानंच सांगितलं. त्यांनी माझं ताट, तांब्या, अंथरूण वेगळं केलं आणि मला तो कागदी कप आठवला. मी बॅग काढून ठेवली होती, रागानं त्यात साड्याही भरल्या होत्या. पण नवऱ्यानं स्वतःच्या आईला उचलून डॉक्टरांकडे नेलं. तिथून त्या आल्या त्या तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्या ग्लासातलं उरलेलं ताक त्यांनी पिऊन टाकलं आणि म्हणाल्या, "भांडी यगळी घासून हात मोडला माझा. आन काय गं, आधी बोलली असतीस तर म्या काय खाल्लं असतं व्हय तुला?"

खाल्लं असतं की नसतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. लग्नाआधी बोलले असते तर कदाचित सून म्हणून त्यांच्या दारात आलेच नसते.

मुलगा झाला. नवऱ्यानं टेम्पो काढून इंजेक्शन स्वतः आणलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून, "सुई नीट मारा हो, माझा नातू हाय," असं दरडावत होत्या. मला इतकं हलकं वाटलं, की टाके दुखायचे थांबले. डॉक्टर जाता जाता म्हणाले, मोठीचंही एकदा रक्त बघून घेऊ. नुसती खात्री म्हणून.

रक्त काढताना मुलगी रडली नाही. बापाच्या मांडीवर बसून तिनं हात पुढं केला आणि कंपाउंडरला विचारलं, "हे परत देणार का?" रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. तिला होता. जन्मापासूनचा. मी म्हणाले, पण तिला इंजेक्शन दिलं होतं, माझ्या आईनं दिलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही बाळांमध्ये इंजेक्शन देऊनही होतो, दोष कुणाचा नाही. आता लिव्हर चांगलं आहे, दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं, लागतील तेव्हा गोळ्या देऊ. नवऱ्यानं मान खाली घालून ऐकलं आणि "नशीब तिचं," एवढंच म्हणाला. त्याला आधार मिळाला होता. मलाही तोच घ्यायचा होता.

बाळ जरा मोठं झाल्यावर मी माहेरी गेले, मुलीला घेऊन. आईला फोनवर सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. दुधातनं इख गेलं म्हणणारी बाई, ती हे ऐकून अंथरूण धरेल याची मला भीती होती. तिला कसं समजवायचं त्याची मी वाटभर उजळणी केली. पोचलो तेव्हा दुपार होती. मुलगी अण्णांचं बोट धरून घाटावर गेली. बाळ झोळीत निजलं होतं. आई सुपात बाजरी घेऊन खडे निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं.

तिचे हात थांबले.

"तू मनाला लावून घेऊ नकोस," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊनही कधी कधी होतं. तू तुझ्याकडून सगळं केलंस. कुणाचा दोष नाही."

तिनं सूप बाजूला सरकवलं. पदराला हात पुसले. तिनं त्या क्षणी फक्त हो म्हणायचं होतं. मी तिच्या हातात सगळं आयतं आणून दिलं होतं.

"दिलंच न्हवतं त्ये," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, ती कशाबद्दल बोलते आहे.

"बाटली पिशवीत हुती माझ्या. बर्फात घालून आनल्ती. तुझी सासू पाळन्यापासनं हालंना. डॉक्टर आला, पोरीला बघाया लागला. म्या पिशवीत हात घातला तर ती लगीच म्हनली, काय आनलं वो इहिनबाई? मंग हात तसाच ऱ्हायला. डॉक्टरला घाई, त्यो गेला. मागनं सिस्टर इचाराया आली, मावशी, त्ये बाळाचं इंजेक्शन? म्या म्हनलं, दिलं त्येंनी."

"आणि नंतर? सासूबाई गेल्यावर?"

"त्या दोन दिस गेल्याच न्हाईत. मंग उशीर झाला म्हनून कुनाला तोंड दावू? सांगावं म्हनलं तर पुन्यांदा इचारनार, का न्हाई दिलं." तिनं झोळीकडं बघितलं. "घरी आल्यावर मोरीत वतली."

मोरीत. अण्णांनी मांडीवर धरून आणलेली ती बाटली.

मला आईला मारावंसं वाटलं. हे लिहिताना मऊ करून लिहिता येईल, पण तसं वाटलं नव्हतं. दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवावं आणि विचारावं, की ज्या सासूला तू घाबरलीस, तिनं माझ्या ग्लासातलं ताक प्यायलं. मी उठले, उगाच झोळीला झोका दिला. बाळ झोपलेलंच होतं.

"तुझं घर ऱ्हायला पायजे हुतं, बाई," आई मागून म्हणाली. "त्येचं मोडलं त्ये ह्या डोळ्यांनी बघितलं. तुझं मोडलं असतं तर तू बी गेली असतीस." आणि मग, "पोरीला न्हाऊ घालताना रोज सांगायची म्या तिला. तिला म्हनायची, बाये, तुज्या आज्जीला माफ कर."

मी तिला रडू दिलं. जवळ गेले नाही. तिच्याजवळ जायला मला पुष्कळ दिवस लागले आणि अजून मी पूर्ण पोचलेले नाही. तिनं हे सांगितलं नसतं तर आम्ही सगळे नशिबाला बोल लावून सुखात राहिलो असतो. तिच्यानं ते झालं नाही. या एका गोष्टीसाठी मी तिला मानते आणि याच गोष्टीचा मला तिचा सगळ्यांत जास्त राग येतो.

बाहेर मुलीचा आवाज आला. घाटावरून आणलेले शंख तिनं फ्रॉकच्या ओच्यात भरले होते आणि ती "आज्जी, आज्जी" करत आत येत होती. आईनं डोळे पुसले. ती घाईघाईनं, हळू आवाजात म्हणाली, "जावईबापूला सांगशील का?"

मी मुलीकडे बघितलं. ती आजीच्या मांडीत जाऊन बसली होती आणि एकेक शंख तिच्या तळहातावर ठेवत होती. हे कळल्यावर नवरा तिला या घरात पुन्हा पाठवणार नाही, आणि त्याचं काही चुकणारही नाही.

"नाही," मी म्हणाले.

संध्याकाळी नवरा टेम्पो घेऊन आम्हाला न्यायला आला. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला, तो प्यायला, तिच्या पाया पडला. आम्ही निघालो. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसून पेंगत होती. गाव मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "आईंना लई वाईट वाटलं का गं?"

"वाटलं."

"तू सांगितलंस ना त्यांना, इंजेक्शन देऊन बी होतं म्हणून? त्यांनी त्यांच्याकडनं सगळं केलं. उगं जिवाला लावून घेतील."

"सांगितलं," मी म्हणाले.